जुना चार्जर, नवा फोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली येतो, त्यातून सात-आठ चार्जर निघतात आणि मग मला फोटो यायला लागतात: "हा चालेल का?" दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. फोटो पाठवायचाच असेल तर चार्जरच्या पाठीचा पाठवा. तिथल्या बारीक अक्षरांवरच बहुतेक उत्तरं ठरतात.

१. नव्या फोनला जुना चार्जर लावला तर फोन खराब होतो का?

यूएसबीचा असेल आणि धडधाकट असेल, तर नाही. फोन सावकाश चार्ज होईल, इतकंच.

आपण ज्याला चार्जर म्हणतो तो खरं तर नुसता वीजपुरवठा. भिंतीतल्या २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणं हे त्याचं काम. खरा चार्जर फोनच्या आत, बोर्डवरच्या चिपमध्ये असतो. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला (हल्लीच्या फोनांत ४.४ च्या आसपास) पोचला की थांबायचं, बॅटरी तापली की हात आखडता घ्यायचा, हे सगळं ती चिप बघते. बाहेर ५ वॉटचा ठोकळा असो की ६५ वॉटचा, किती घ्यायचं ते तीच ठरवते.

हे सगळं यूएसबीपुरतं. गोल पिनच्या अ‍ॅडॅप्टरला यातलं काहीही लागू नाही. तुमचा तसा असेल तर थेट प्रश्न १२ वर जा.

२. पाठीवर काय वाचायचं? इतकं बारीक असतं की दिसतच नाही.

मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा, दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि मोठा करून बघा. राखाडीवर राखाडी छापलेली अक्षरंसुद्धा निघतात.

'इनपुट' या ओळीत १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर चार्जर जगात जवळपास कुठेही चालतो. 'आउटपुट'मध्ये व्होल्ट आणि अँपिअर असतात. दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट. ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ५ वॉट. काही चार्जरवर "९ व्होल्ट १.६७ अँपिअर किंवा ५ व्होल्ट २ अँपिअर" असं दुहेरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तो फोनशी बोलून व्होल्ट वाढवू शकतो (प्रश्न ७). आकड्याशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी, नागमोडी रेघ असेल तर एसी. चौकोनात चौकोन म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची तिसरी पिन नसली तरी चालतं.

भारतात विकलेल्या चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १३२५२ हा मानक क्रमांक आणि 'आर-' नंतर आठ अंक दिसतात. ते अंक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकले की कुठल्या उत्पादकाची नोंदणी आहे ते समजतं. चार्जरवर नाव एकाचं आणि नोंदणीत भलतंच उत्पादन निघालं, तर काय समजायचं ते समजा.

३. मग उलटं? जुन्या फोनला नवा ६५ वॉटचा चार्जर लावला तर जास्त करंट घुसून बॅटरी फुगेल ना?

नाही घुसत. व्होल्ट चार्जर देतो, अँपिअर मात्र फोन ओढून घेतो. घरात ८० अँपिअरचं मीटर बसवलं म्हणून झिरोचा बल्ब जास्त उजळत नाही, तसंच हे. आणि ९ किंवा २० व्होल्ट तरी कुठून येणार? फोनने मागितल्याशिवाय यूएसबी चार्जर ५ च्या वर जातच नाही. दहा वर्षं जुन्या फोनला ते मागता येत नाही, त्यामुळे त्याला ५ व्होल्टच मिळतात.

लक्षात ठेवायला सोपं: व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर पुरले पाहिजेत.

४. हल्ली फोनबरोबर चार्जर देतच नाहीत. हे कधीपासून सुरू झालं?

अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून चार्जर काढला. सॅमसंगने जानेवारी २०२१ मध्ये गॅलेक्सी एस२१ बरोबर तेच केलं. कारण पर्यावरणाचं दिलं. खोकं लहान झालं आणि वाहतुकीचा खर्च वाचला हेही खरं. पुढे युरोपीय संघाने कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोन-टॅब्लेटना टाइप-सी पोर्ट सक्तीचं झालं, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. आयफोनची लायटनिंग पिन जाऊन टाइप-सी आली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ पासून. आपल्याकडे बीआयएसने २०२३ च्या सुरुवातीला टाइप-सीसाठी भारतीय मानक जाहीर केलं.

थोडक्यात, माळ्यावरच्या डब्याला आता किंमत आली आहे.

५. जुन्या चार्जरने किती वेळ लागेल, ते आधी काढता येतं का?

येतं, अंदाजे. आजच्या फोनची बॅटरी साधारण ५००० मिलिअँपिअर-तासांची असते. तिला ३.८५ व्होल्टने गुणलं की १९ वॉट-तास होतात. वाटेत उष्णता होऊन जाणारं धरलं तर भिंतीकडून २२-२३ घ्यावे लागतात. आता भागा: ५ वॉटच्या चार्जरला साडेचार ते पाच तास, १० वॉटच्याला अडीच-तीन, आणि लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टला (५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट) नऊ तासांच्या पुढे.

शेवटचे वीसेक टक्के कुठल्याही चार्जरने हळूच भरतात, कारण सेल भरत आला की फोन स्वतःच करंट उतरवत जातो. तेव्हा फोन ८० वर असेल आणि घरातून निघायला अर्धा तास असेल, तर नवा चार्जर शोधत बसू नका. जो हाताशी आहे तो लावा.

रात्री झोपताना लावणाऱ्याला तर ५ वॉटचा जुना ठोकळा पुरतो. फोन कमी तापतो आणि बॅटरीला तेच मानवतं. माझा स्वतःचा फोन रात्री एका २०१४ च्या चार्जरवर असतो.

६. चार्जिंगला लावूनसुद्धा टक्के कमी होतात. हे कसं शक्य आहे?

आवक अडीच वॉट आणि जावक ६ वॉट, मग दुसरं काय होणार? गाडीत जीपीएस चालू, स्क्रीन पूर्ण उजेडात, डेटा चालू आणि चार्जर सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा, ५०० मिलिअँपिअरचा. वर काचेतून ऊन पडून फोन तापला की तो स्वतःहून चार्जिंग आणखी कमी करतो. हॉटस्पॉट सुरू ठेवून गेम खेळणाऱ्या मुलांचंही हेच. चार्जर बिघडलेला नसतो, अपुरा असतो.

७. माझा फोन ६७ वॉटचा आणि जुना चार्जर ३३ वॉटचा. निदान ३३ ने तरी व्हायला हवा. "फास्ट चार्जिंग" का येत नाही?

कारण दोघांची भाषा वेगळी.

सुरुवातीला यूएसबीत बोलणं नव्हतंच: ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, विषय संपला. मग २०१० च्या सुमारास चार्जिंगसाठीचं मानक पक्कं झालं. चार्जरच्या आत डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या दिसल्या की फोनने समजायचं, समोर भिंतीचा चार्जर आहे, दीड अँपिअरपर्यंत घ्यायला हरकत नाही. अ‍ॅपलने त्याच तारांवर स्वतःच्या वेगळ्या खुणा ठेवल्या. म्हणून आयपॅडच्या जुन्या १० वॉटच्या चार्जरवर काही अँड्रॉइड फोन खूण न कळल्याने अर्ध्या अँपिअरवर रेंगाळतात, आणि लोक म्हणतात चार्जर गेला.

पुढे फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचं 'क्विक चार्ज' आलं. त्यात फोन ९ किंवा १२ व्होल्ट मागतो. यूएसबीचं स्वतःचं 'पॉवर डिलिव्हरी' ऊर्फ पीडी टाइप-सीच्या वेगळ्या तारेवरून बोलतं आणि ५, ९, १५, २० व्होल्ट देतं. ओप्पोच्या 'व्हूक'ने उलटा रस्ता धरला: व्होल्ट ५ च ठेवायचे, पण जाड केबलमधून ४ अँपिअर सोडायचे. नंतरच्या 'सुपरव्हूक'मध्ये १० व्होल्ट ६.५ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट झाले. वनप्लसचं डॅश आणि वार्प याच घराण्यातलं.

आता एक तेलुगू बोलतोय आणि दुसरा पंजाबी, अशी जोडी समोरासमोर आली की शेवटी दोघं खाणाखुणांवर येतात. ५ व्होल्ट ही ती खूण. तुमचा ३३ वॉटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला बहुतेक १० वॉटच देईल, फार तर १५-१८. धोका काही नाही. वेग हवा असेल तर चार्जर आणि फोन दोघांवर पीडी आहे का बघा. सगळ्यांना थोडीफार समजेल अशी तीच एक भाषा.

८. चार्जरही पीडी, फोनही पीडी, दोन्ही २५ वॉटचे. तरी सॅमसंगवर नुसतं "फास्ट" येतं, "सुपर फास्ट" नाही.

चार्जरच्या पाठीवर 'पीपीएस' शोधा. मिळणार नाही असं वाटतं. पीडीचा हा पुढचा अवतार आहे. साध्या पीडीत ५ किंवा ९ अशा ठरलेल्या पायऱ्या असतात. पीपीएसमध्ये फोन चार्जरला अगदी थोड्या थोड्या फरकाने व्होल्ट वर-खाली करायला सांगतो, त्यामुळे फोनच्या आत उष्णता कमी होते. सॅमसंगचं २५ वॉट यावरच चालतं. तुमचा चार्जर पीपीएसच्या आधीचा आहे. दोन-तीन हजार घालण्याइतका फरक पडतो का? मला नाही वाटत.

९. चार्जर तोच. केबल बदलली आणि फोन दुप्पट वेगाने भरायला लागला. केबलचा काय संबंध?

केबलचाच संबंध असतो. बिचाऱ्या चार्जरवर नाव येतं. माझ्याकडे आलेल्या 'चार्जर गेला' तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा केबल दोषी निघते.

एखाद्या स्वस्त केबलवर बारीक छापलेलं सापडेल: २८ एडब्ल्यूजी. हा तारेच्या जाडीचा आकडा, आणि तो जितका मोठा तितकी तार बारीक. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे ०.२१ ओहम रोध (विजेला होणारा अडथळा) असतो. एक मीटरच्या केबलमध्ये वीज जाते एक मीटर आणि परत येते एक मीटर, म्हणजे ०.४२ ओहम. त्यातून २ अँपिअर ओढले की ०.८४ व्होल्ट वाटेतच गेले. चार्जरने ५ दिले, फोनच्या तोंडाशी ४.१६ पोचले. फोन चाणाक्ष असतो. व्होल्ट पडताहेत असं दिसलं की तो ओढणंच कमी करतो. तेच २४ नंबरची तार असती तर फक्त ०.३४ व्होल्ट गेले असते. म्हणून जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरला आखूड आणि जाड केबल लावा. पलंगापर्यंत पोचणारी तीन मीटरची लांबलचक केबल सोयीची असते खरी, पण हा हिशोब तिथे तिप्पट होतो.

दुसरं कारण: काही केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. मग प्रश्न ७ मधल्या खुणा फोनपर्यंत पोचत नाहीत आणि तो अर्ध्या अँपिअरवर थांबतो.

तपासायचं असेल तर यूएसबी टेस्टर काही शे रुपयांत मिळतो. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावला की व्होल्ट-अँपिअर समोर दिसतात.

१०. चार्जरला जुनं चपटं भोक आहे, फोन टाइप-सी. कुठलीही 'चपटी टू सी' केबल चालेल का?

बहुतेक चालतात. पण जुना चार्जर आणि नवा फोन या जोडीत खरा धोका असलाच तर तो या केबलमध्ये आहे, म्हणून थोडं सविस्तर.

टाइप-सी फोन केबलच्या टोकात बसवलेल्या एका इवल्याशा रोधावरून (रेझिस्टरवरून) ठरवतो की समोरून किती मिळणार आहे. चपटी टू सी केबलमध्ये हा रोध ५६ किलोओहमचा असायला हवा. त्याचा अर्थ: "पुढे कोण आहे माहीत नाही, बेताने घे." काही उत्पादकांनी तिथे १० किलोओहमचा घातला. त्याचा अर्थ होतो: "३ अँपिअर आहेत, खुशाल ओढ." पुढे १ अँपिअरचा म्हातारा चार्जर किंवा लॅपटॉपचं पोर्ट असेल तर त्याच्यावर तिप्पट ओझं पडतं. चांगला चार्जर अशा वेळी स्वतःला बंद करून घेतो. स्वस्तातला तापतो, वितळतो. गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ पासून बाजारातल्या अशा केबली विकत घेऊन एकेक तपासली आणि निकाल जाहीर केले. २०१६ मध्ये उलट्या तारा जोडलेल्या एका केबलने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉपच निकामी केला.

आता असा माल कमी झाला आहे, पण फुटपाथवरच्या ढिगातून पन्नास रुपयांची केबल उचलताना हे आठवा. नवी केबल लावल्यावर जुना चार्जर पूर्वीपेक्षा जास्त तापायला लागला, तर केबल बाजूला काढा.

आणि मायक्रो यूएसबी केबलच्या टोकाला लावायचं सीचं छोटं कनेक्टर मिळतं, त्याबद्दलही विचारतात. चालतं. त्यातही हाच रोध असतो आणि हाच नियम. फक्त ते पोर्टमधून लांब बाहेर येतं. फोन पडला की सगळा ताण पोर्टवर जातो.

११. नवा ट्रिमर टाइप-सी आहे, पण फोनच्या नव्या सी-टू-सी चार्जरवर लागतच नाही. दहा वर्षांपूर्वीच्या चपट्या भोकाच्या चार्जरवर लगेच लागतो. हे उलटं कसं?

हा माझा आवडता प्रश्न.

जुन्या चपट्या पोर्टवर ५ व्होल्ट कायम हजर असतात, समोर कोणी असो-नसो. टाइप-सी पोर्ट तसं करत नाही. समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचा रोध जाणवेपर्यंत तो शून्य व्होल्टवर बसून राहतो. ट्रिमर, टॉर्च, छोटे पंखे, स्पीकर बनवणाऱ्या अनेकांनी मायक्रो पोर्टच्या जागी टाइप-सी पोर्ट तर बसवलं, पण काही पैशांचे ते दोन रोध वाचवले. त्यामुळे नव्या चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. वस्तू बिघडलेली नसते, परत करायच्या आधी चपटी टू सी केबल लावून बघा. खोक्यात तीच केबल आली असेल तर समजा, बनवणाऱ्यालाही हे माहीत होतं.

चुका मोठ्यांच्याही होतात. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा संगणकाच्या पहिल्या बोर्डांवर दोन वेगळ्या रोधांऐवजी एकच सामाईक ठेवला होता, म्हणून काही महागड्या केबलींवर तो सुरूच होत नसे.

या एका कारणासाठी तरी जुना चांगला चार्जर टाकू नका.

१२. गोल पिनचा अ‍ॅडॅप्टर. पिन बसते, मग लावू का?

थांबा. आधी व्होल्ट वाचा.

यूएसबीत दोघं बोलून ठरवतात. गोल पिनमध्ये कोणीच कोणाशी बोलत नाही, जे आहे ते थेट आत जातं. वायफाय राउटरचा १२ व्होल्ट, सेट-टॉप बॉक्सचा १२, स्पीकरचा ५, इमर्जन्सी दिव्याचा ६ किंवा ९: रंग काळा आणि पिन हुबेहूब तीच. मी स्वतः एकदा घाईत राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर ५ व्होल्टच्या ब्लूटूथ स्पीकरला लावला होता. टप् असा बारीक आवाज आला, निळा दिवा विझला आणि खोलीत सुके बोंबील जळाल्यासारखा वास पसरला. स्पीकर दोन महिन्यांचा होता. वॉरंटी मागायला मला तोंड नव्हतं.

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्ट तंतोतंत. अँपिअर तेवढे किंवा जास्त. डीसी आहे की एसी. जुन्या कॉर्डलेस लँडलाइनचे काही अ‍ॅडॅप्टर एसीच बाहेर सोडायचे. आणि पोलॅरिटी: लेबलवर मध्ये ठिपका आणि भोवती अर्धगोल असलेलं चित्र असतं, ठिपक्याकडे अधिकचं चिन्ह म्हणजे आतली पिन पॉझिटिव्ह. दोन्हीकडे चित्र सारखं हवं.

हाताला विटेसारखे जड लागणारे जुने अ‍ॅडॅप्टर आणखी फसवे. त्यांच्या आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो. लेबलवर ६ व्होल्ट असले तरी लोड नसताना मल्टिमीटर ८-९ सुद्धा दाखवतो. ज्याच्याबरोबर आला त्याच्याच सोबत तो ठेवावा.

उलटी चूक, म्हणजे १२ च्या वस्तूला ५ चा अ‍ॅडॅप्टर, सहसा निरुपद्रवी असते. वस्तू सुरू होत नाही किंवा दिवा लुकलुकत राहतो.

१३. नोकियाचे जाड आणि बारीक पिनचे चार्जर आहेत. कन्व्हर्टर लावून स्मार्टफोन होईल का?

नका करू. करंट इतका कमी की बंद ठेवलेला फोनही रात्रभरात भरणार नाही. घरात कोणाचा बारीक पिनचा साधा फोन अजून चालू असेल तर त्यांना द्या, दुवा देतील.

१४. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो. फोनचा जुना चार्जर चालेल?

लावून बघायला हरकत नाही, अपेक्षा ठेवू नका. बहुतेक लॅपटॉप पीडीवर २० व्होल्ट मागतात. जुना चार्जर ५ वर अडकलेला. मग काही लॅपटॉप "स्लो चार्जर" असा इशारा देऊन थेंब थेंब घेतात, काही बघतही नाहीत. झाकण बंद करून रात्रभर ठेवला तर घेणारा लॅपटॉप सकाळी थोडा वर आलेला दिसेल. ६० वॉटपर्यंत साधी सी-टू-सी केबल पुरते; त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते.

लॅपटॉपच्या जुन्या १९ व्होल्टच्या गोल पिनला टाइप-सीचं टोक लावणारे कन्व्हर्टर मिळतात. आत पीडीची चिप नसलेला स्वस्त कन्व्हर्टर थेट १९ व्होल्ट फोनमध्ये सोडू शकतो. प्रश्न १२ मधला वास आठवा.

१५. इअरबड्स आणि स्मार्टवॉचला कुठला चार्जर?

सगळ्यात जुना, सगळ्यात छोटा. त्यांना लागतंच किती! घड्याळाची स्वतःची चुंबकाची केबल मात्र हवी, ती दुसऱ्या कंपनीच्या घड्याळाला लावू नका. पिना जागेवर बसल्या तरी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे असू शकतात.

पॉवर बँकेवर घड्याळ लावलं की थोड्या वेळाने चार्जिंग बंद पडतं, अशी तक्रार येते. इतका कमी करंट जातोय म्हणजे कोणी लावलेलंच नाही असं समजून पॉवर बँक झोपी जाते. भिंतीचा चार्जर वापरा.

१६. चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लावला की झिणझिण्या येतात. शॉक आहे का?

दोन पिनच्या चार्जरमध्ये विजेतला गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भिंतीकडची बाजू आणि फोनची बाजू यांना जोडून असतो. त्यातून अतिसूक्ष्म वीज झिरपते. धातूची कड असलेला फोन, अनवाणी पाय, फरशी: सुरसुर जाणवते. तेवढं चालतं. झटका बसला, हात आपोआप मागे आला, तर तो चार्जर त्याच क्षणी बोर्डाचं बटण बंद करून काढा.

याचाच भाऊ म्हणजे टच वेडावाकडा चालणं: टाइप करता एक, उमटतं भलतंच. हलक्या चार्जरमधला गोंगाट स्क्रीनपर्यंत पोचतो. एका बाईंना दुकानात डिस्प्ले बदलायचे साडेचार हजार सांगितले होते. चार्जर काढून फोन वापरून बघा म्हटलं, टच ठणठणीत.

१७. चार्जर म्हातारा झाला हे कसं ओळखायचं?

कान लावा: बारीक शिट्टी किंवा गुणगुण वाढली असेल. नाक लावा. प्लास्टिक पिनांजवळ पिवळं-तपकिरी पडलंय का बघा. हलवल्यावर खडखड होते का? फोनवर चार्जिंगचा आवाज सारखा येतो-जातो का? कोमट होणं ठीक, पण मुठीत धरवत नसेल तर त्याचे दिवस भरले. आतला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातो आणि मग बाहेर येणारी वीज सपाट राहत नाही. कोकणात, गोव्यात दमट हवेने पिना गंजतात, त्या सॉकेटमध्ये ठिणग्या पाडतात.

उघडून दुरुस्त करू नका. २३० व्होल्ट एसीचे आत ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ कॅपॅसिटरमध्ये थांबून असतात.

१८. मुलाने अमेरिकेहून आणलेला चार्जर इथे चालेल? आणि रेल्वेतल्या ११० व्होल्टवर आपला?

पाठीवर १००-२४० असेल तर दोन्हीकडे चालतो, डब्यातल्या सॉकेटवरसुद्धा. पण जुन्या जड अ‍ॅडॅप्टरवर किंवा तिकडच्या ट्रिमरवर नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो आपल्या २३० वर जळतो. प्लग बदलणारा कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. चपट्या पिना आपल्या गोल भोकांत ढिल्या घुसवू नका, तिथेच काळं पडायला सुरुवात होते. दुबई-लंडनच्या तीन जाड चौकोनी पिनांसाठी चांगला कन्व्हर्टर घ्या. भोकात पेन खुपसून जबरदस्ती करणारे लोक मी पाहिले आहेत.

१९. फोन काढला तरी चार्जर बोर्डात तसाच राहतो. वीज जाते का?

जाते, नावाला. आताचा चार्जर मोकळा असताना ०.१ वॉटच्या आसपास घेतो. वर्षभर चोवीस तास लावून ठेवला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. जुना ट्रान्सफॉर्मरवाला दीड वॉट घेत असेल तर वर्षाला १३ युनिटं. बटण बंद करायचं ते बिलासाठी नव्हे. पावसाळ्यात वीज पडते तेव्हा बोर्डावर काय काय लावलेलं असतं ते आठवून करा.

२०. गेलेला चार्जर कुठे टाकायचा?

ओल्या-सुक्यात नाही. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे किंवा गावात ई-कचरा संकलन असेल त्या दिवशी द्या. देण्याआधी प्लग काढलेला असताना वायर कात्रीने कापा. मी एकदा नुसताच डब्यात ठेवला होता. पुढच्या आठवड्यात बाबांनी तो शोधून परत बोर्डात लावला, आणि वर मलाच सांगितलं की चांगला चालतोय, उगाच टाकत होतास.